बिलातली जादा ओळ: अधिभार कशावर आणि कुणाच्या अधिकाराने?

या महिन्याच्या पत्रांत रावेरच्या केळी गटापासून जळगावच्या चटई कारखान्यापर्यंत अनेकांनी एकाच गोष्टीबद्दल विचारले आहे. बिलात मूळ रकमेखाली ‘अधिभार’ किंवा ‘सरचार्ज’ नावाची ओळ येते, तिचे काय करायचे? अशी ओळ दिसली की आधी तीन गोष्टी तपासा. ती नेमक्या कोणत्या रकमेवर काढली आहे, ती घेण्याचा अधिकार कायद्याच्या कोणत्या कलमातून किंवा कोणत्या करारातून आला, आणि कारण संपल्यावर ती कमी होणार की नाही. खालची बहुतेक उत्तरे याच तपासणीतून निघाली आहेत.

प्रश्न (रावेर तालुका): आमचा शेतकरी गट दिल्लीला केळी पाठवतो. भाडे ६०,००० रुपये ठरले तेव्हा डिझेल ९० रुपये लिटर धरले होते. ते ९६ झाल्यावर ट्रान्सपोर्टवाल्याने बिल्टीवर (माल वाहतुकीच्या पावतीवर) ‘डिझेल अधिभार ८ टक्के’ लिहून ४,८०० रुपये जादा घेतले. हे बरोबर आहे का? यावर जीएसटी लागतो का?

उत्तर: डिझेलचा अधिभार घेणे बेकायदा नाही, पण तो कराराचा भाग असावा लागतो. सरकारने ठरवलेला असा कोणताही दर नाही. भाडे ठरवताना लेखी, तोंडी किंवा आधीच्या खेपांच्या रीतीने तो मान्य केलेला असेल तरच तो देणे लागते. गाडी भरून झाल्यावर बिल्टीवर एकतर्फी लिहिलेला आकडा म्हणजे मान्यता नव्हे.

आता आकडा. डिझेल ९० वरून ९६ झाले, म्हणजे वाढ ६.६७ टक्के. ती अख्ख्या भाड्याला लावता येत नाही, कारण भाड्यात टायर, टोल, ड्रायव्हर-क्लीनरचा पगार, गाडीचा हप्ता, विमा आणि मालकाचा नफाही असतो. डिझेलचा वाटा जेवढा, तेवढ्यालाच वाढ लावायची. तो वाटा ४५ टक्के धरला तर ६.६७ च्या ४५ टक्के म्हणजे ३ टक्के, ६०,००० वर १,८०० रुपये.

हाच हिशेब लिटरवरून पडताळून पाहा. अंतर १,१०० किलोमीटर आणि भरलेल्या गाडीचे ॲव्हरेज लिटरला ४ किलोमीटर धरले तर २७५ लिटर लागतात. लिटरमागे ६ रुपये वाढ, म्हणजे १,६५० रुपये. दोन्ही पद्धतींचे उत्तर जवळपास सारखे येते आणि ४,८०० त्यात कुठेच बसत नाही. गाडी परतीला रिकामी येते आणि ते डिझेलही तुमच्याच भाड्यात धरले आहे असे ट्रान्सपोर्टवाला म्हणेल. तसे आधी ठरले असेल तर परतीचे लिटर मोजा, तरीही रक्कम साडेतीन हजारांच्या आतच राहते. आमचा अंदाज असा की त्याने डिझेलच्या वाढीचा टक्का वर गोल करून सरळ पूर्ण भाड्याला लावला. ही चूक सर्रास होते आणि दर वेळी माल पाठवणाऱ्यालाच महागात पडते.

पुढच्या हंगामासाठी गटाने एक पानी करार करावा. मूळ डिझेल दर किती आणि तो कोणत्या तारखेचा, कोणत्या शहराच्या पंपाचा, ते लिहा. रावेर, भुसावळ आणि इंदूरचे दर सारखे नसतात. डिझेलचा वाटा किती टक्के, तेही लिहा. लहान चढउतारावर रोज वाद नको म्हणून दोन रुपयांपर्यंतचा फरक सोडून द्यावा आणि गाडी भरण्याच्या दिवसाचा दर धरावा. सगळ्यात महत्त्वाचे वाक्य असे लिहा: ‘दर उतरल्यास भाडे त्याच सूत्राने कमी होईल.’ हे वाक्य नसेल तर अधिभार चढतो पण उतरत नाही. हमाली, गाडी अडकून पडल्याचे थांबण्याचे पैसे, टोल यांवर हा टक्का लावायचा नाही, हेही स्पष्ट करा. आणखी एक खड्डा म्हणजे नवे भाडे ठरते, पण करारातला मूळ डिझेल दर जुनाच राहतो. मग तीच वाढ एकदा भाड्यात आणि पुन्हा अधिभारात, अशी दोनदा मोजली जाते.

गाडी दाराशी उभी असताना वाद घालून चालत नाही, कारण केळी थांबत नाहीत. पैसे द्यावेच लागले तर बिल्टीच्या दोन्ही प्रतींवर ‘हरकत राखून दिले’ असे लिहून सही करा आणि दोन-चार दिवसांत लेखी मागणी पाठवा. भारतीय करार अधिनियमाच्या कलम ७२ नुसार चुकीने किंवा दडपणाखाली दिलेली रक्कम परत मागता येते. हरकत नोंदवलेली असेल तर पुढे ते सिद्ध करणे सोपे जाते.

जीएसटीचे उत्तर सोपे आहे. मुख्य सेवेवर जो कर, तोच तिच्यासोबत आकारलेल्या जादा रकमेवर. शेतमालाच्या वाहतुकीला जीएसटी माफ आहे, ती बिल्टी देणाऱ्या ट्रान्सपोर्ट कंपनीने केली तरीही. त्यामुळे ताज्या केळीच्या भाड्यावर कर नाही आणि त्यावरच्या डिझेल अधिभारावरही नाही. मात्र तीच गाडी परतीला कारखान्याचा माल आणत असेल तर त्या भाड्याला जो कर लागतो, तो त्याच्या अधिभारालाही लागेल.

प्रश्न (भुसावळ): कर, उपकर आणि अधिभार यांत खरा फरक काय? स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा म्हणतो की अधिभाराचा पैसा राज्यांना मिळत नाही.

उत्तर: मुलाचे म्हणणे बरोबर आहे. अधिभार हा करावरचा कर असतो, म्हणजे आधी मूळ कर काढायचा आणि मग त्या कराच्या रकमेवर टक्का लावायचा. उपकर एखाद्या ठरलेल्या कामासाठी असतो, उदाहरणार्थ आरोग्य व शिक्षण उपकर. अधिभाराला अशा कामाचे बंधन नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७१ नुसार संसद केंद्राच्या गरजेसाठी तो बसवू शकते आणि सगळी रक्कम भारताच्या संचित निधीत जाते. अनुच्छेद २७० मधल्या वाटपातून अधिभार आणि उपकर वगळलेले आहेत. म्हणून पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांना दिलेला ४१ टक्के वाटा या दोन रकमा बाजूला काढल्यावर उरलेल्या करातला आहे. केंद्राने मूळ कर वाढवला तर महाराष्ट्राला त्यातून काही मिळते, अधिभार वाढवला तर मिळत नाही. वित्त आयोगापुढे राज्ये हा मुद्दा पुन्हा पुन्हा मांडतात आणि आमच्या मते त्यात तथ्य आहे.

वस्तू व सेवा करावर मात्र अनुच्छेद २७१ खाली अधिभार बसवता येत नाही. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने तो वगळला आहे.

अधिभार हा कराहून वेगळा प्राणी आहे असे मानू नका. सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच सांगितले की आयकरावरचा अधिभार हा आयकराचाच भाग आहे. तात्पुरत्या अडचणीसाठी असे आकार बसवण्याची रीत जुनी आहे. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या मदतीसाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर ५ पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. ते ३१ मार्च १९७३ पर्यंत चालले आणि मग बंद झाले. सगळेच जादा आकार इतक्या वेळेवर संपत नाहीत.

प्रश्न (जळगाव शहर): घाऊक दुकानातून माझे २०२५-२६ चे करपात्र उत्पन्न ५१ लाख होत आहे. ५० लाखांच्या वर १० टक्के अधिभार लागतो असे कळले. म्हणजे शेवटच्या एका लाखासाठी लाखाहून जास्त अधिभार भरायचा? शिवाय गावाकडे केळीची शेती आहे आणि जमिनीचा एक तुकडा विकायचा आहे. ते पैसे यात मोजले जातील का?

उत्तर: घाबरू नका. याच अडचणीसाठी कायद्यात सीमांत सवलत ठेवली आहे, पण ती मागताना गणित नीट मांडावे लागते.

नव्या करप्रणालीत ५० लाखांवर कर १०,८०,००० रुपये होतो आणि ५१ लाखांवर ११,१०,०००. अधिभार हा कराच्या रकमेवर असतो, उत्पन्नावर नव्हे. म्हणून तो ११,१०,००० च्या १० टक्के, म्हणजे १,११,००० रुपये. एकूण १२,२१,०००. ५० लाखांच्या करापेक्षा ही रक्कम १,४१,००० ने जास्त आहे आणि उत्पन्न मात्र एकच लाख जास्त आहे. नियम असा की जादा कर जादा उत्पन्नाहून अधिक असू नये. म्हणून ४१,००० रुपयांची सवलत मिळते आणि अधिभार ७०,००० उरतो. कर आणि अधिभार मिळून ११,८०,०००. त्यावर ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर ४७,२००, म्हणजे भरायचे १२,२७,२०० रुपये. उपकर सवलत वजा केल्यानंतर काढायचा. हाताने हिशेब करताना बरेच जण तो आधी काढतात आणि तिथेच आकडा चुकतो.

ही सवलत साधारण ५१ लाख ६१ हजारांपर्यंत चालते. त्यापुढे पूर्ण १० टक्के लागतात. एक कोटीच्या वर १५ टक्के आणि दोन कोटींच्या वर २५ टक्के. पाच कोटींच्या वर जुन्या प्रणालीत ३७ टक्के लागतात, नव्या प्रणालीत २५ वरच थांबतात. यामुळे सर्वात वरच्या पायरीवर उपकर धरून कराचा दर जुन्या प्रणालीत ४२.७४४ टक्के आणि नव्या प्रणालीत ३९ टक्के होतो. वर ज्या ५० लाख, एक कोटी, दोन कोटी अशा पायऱ्या येतात, त्या प्रत्येकीच्या लगेच पुढे सीमांत सवलत मिळते. दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावरचा अधिभार १५ टक्क्यांच्या पुढे जात नाही.

केळीचे उत्पन्न शेतीचे आहे, म्हणून करमुक्त. इतर उत्पन्नावरच्या कराचा दर काढताना ते जमेस धरतात, पण ५० लाखांची मर्यादा ओलांडली का हे पाहताना धरत नाहीत, कारण ती मर्यादा करपात्र उत्पन्नाची आहे.

जमिनीचा प्रश्न अंतरावर ठरतो. ग्रामीण भागातली शेतजमीन आयकर कायद्यात भांडवली मालमत्ताच मानली जात नाही, त्यामुळे तिच्या विक्रीचा नफा उत्पन्नात येत नाही आणि अधिभाराचा प्रश्नही उरत नाही. नगरपालिका किंवा महापालिकेची लोकसंख्या १० हजार ते १ लाख असेल तर हद्दीपासून २ किलोमीटर, १ ते १० लाख असेल तर ६ किलोमीटर आणि १० लाखांच्या वर असेल तर ८ किलोमीटरपर्यंतची जमीन शहरी धरतात. जळगावची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेचार लाखांहून थोडी अधिक होती, म्हणून इथे ६ किलोमीटर. हे अंतर रस्त्याने नाही तर सरळ रेषेत मोजायचे. जवळपास दुसरी नगरपालिका किंवा नगरपंचायत असेल तर तिच्यापासूनही मोजा. अनेक जण फक्त जळगावचे अंतर पाहतात आणि शेजारचे गाव विसरतात. विक्रीआधी भूमापकाकडून किंवा तहसीलमधून अंतराचा लेखी दाखला घेऊन ठेवा, नोटीस आली की तोच कामाला येतो.

आगाऊ कराच्या १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्चच्या हप्त्यांत अधिभारही धरायचा असतो. तो शेवटी भरू म्हणून ठेवला तर कमी पडलेल्या रकमेवर महिन्याला १ टक्का व्याज लागते.

प्रश्न (जळगाव एमआयडीसी, चटई उद्योग): सौर प्रकल्पाची वीज ओपन ॲक्सेसने, म्हणजे वितरण कंपनीऐवजी थेट बाहेरून, घेतली तर युनिट स्वस्त पडेल असे कंपनीवाले सांगतात. पण ‘क्रॉस सबसिडी सरचार्ज’ आणि ‘ॲडिशनल सरचार्ज’ वेगळे. हे का द्यायचे?

उत्तर: वीज अधिनियम २००३ च्या कलम ४२ मध्ये हे दोन्ही आहेत आणि दोघांची कारणे वेगळी आहेत. उद्योगांचा वीजदर खर्चापेक्षा जास्त ठेवून त्यातून शेतीपंप आणि लहान घरगुती ग्राहकांचा दर कमी ठेवला जातो. मोठा ग्राहक बाहेरून वीज घेऊ लागला की वितरण कंपनीचा हा आधार जातो. त्याची भरपाई म्हणजे क्रॉस सबसिडी अधिभार. २०१६ च्या वीजदर धोरणानुसार तो त्या वर्गाच्या वीजदराच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. दुसरा, अतिरिक्त अधिभार, हा वितरण कंपनीने आधीच केलेल्या वीजखरेदी करारांच्या स्थिर खर्चासाठी असतो. तुम्ही वीज घेतली नाही तरी कंपनीला तो खर्च चुकत नाही. दोन्हींचे दर वीज नियामक आयोग ठरवतो, म्हणून विक्रेत्याच्या सादरीकरणातला आकडा न धरता चालू दर आदेशातला आकडा घ्या.

प्रकल्प ‘कॅप्टिव्ह’, म्हणजे स्वतःच्या वापरासाठीचा, ठरला तर क्रॉस सबसिडी अधिभार लागत नाही. महावितरण विरुद्ध जेएसडब्ल्यू स्टील या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये कॅप्टिव्ह वापरकर्त्यांना अतिरिक्त अधिभारही लागत नाही असे ठरवले. मात्र अट कडक आहे. वापरकर्त्यांकडे प्रकल्पाची किमान २६ टक्के मालकी हवी आणि वर्षभरात तयार झालेल्या विजेपैकी किमान ५१ टक्के वीज त्यांनीच वापरलेली हवी. हे प्रत्येक आर्थिक वर्षी तपासतात. अनेक कारखान्यांनी मिळून भागभांडवल घेतले असेल तर प्रत्येकाचा वापरही त्याच्या हिश्श्याच्या प्रमाणात हवा, १० टक्के कमी-जास्त चालते. कागदावरची मालकी ठीक असते, गाडी अडते ती वापरावर. मंदीमुळे दोन कारखान्यांच्या पाळ्या बंद झाल्या, वापर ५१ च्या खाली गेला, की कॅप्टिव्हचा दर्जा त्या पूर्ण वर्षासाठी जातो आणि सगळ्या युनिटांवर अधिभाराचे बिल मागाहून येते. म्हणून करारात लिहा की दर्जा गेल्यास ती रक्कम कोण भरणार. डिसेंबरअखेर वापराचा आढावा घ्या, म्हणजे तीन महिने हातात राहतात.

तारांतून वीज वाहून आणण्याचे वहन आणि पारेषण आकार आणि वाटेतली वीजगळती कॅप्टिव्हलाही चुकत नाही. लहान कारखान्यांसाठी चांगली गोष्ट अशी की २०२२ च्या हरित ऊर्जा ओपन ॲक्सेस नियमांनी किमान मर्यादा १ मेगावॉटवरून १०० किलोवॉटवर आणली आहे.

प्रश्न (यावल तालुका): आमच्या पतसंस्थेत ठेवी अडकल्या आहेत. संचालकांवर ‘८८ लावणार’ असे ऐकतो. त्याने ठेव परत मिळते का? आणि माझे काका तिथे संचालक होते, सगळ्यांची भरपाई त्यांच्या अंगावर येईल का?

उत्तर: दोन्ही प्रश्न स्वतंत्र आहेत आणि दोन्हींची उत्तरे शांतपणे समजून घ्या.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चे कलम ८८ म्हणजे संस्थेचे झालेले नुकसान जबाबदार व्यक्तींवर बसवणे. इतर काही राज्यांच्या सहकार कायद्यांत याच कारवाईला सरचार्ज म्हणतात. लेखापरीक्षणात, कलम ८३ च्या चौकशीत किंवा कलम ८४ च्या तपासणीत पैशांचा गैरवापर, पैसे अडकवून ठेवणे किंवा विश्वासघात दिसला की निबंधक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी चौकशी करतो, संबंधितांचे म्हणणे ऐकतो आणि किती रक्कम कुणी व्याजासह भरायची ते ठरवतो. कलम ९५ खाली मालमत्ता विकता येऊ नये म्हणून आधीच जप्त करता येते. वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होऊ शकते.

पण ही रक्कम संस्थेकडे जमा होते, थेट तुमच्या खात्यात नाही. तिथून ती ठेवीदारांना वाटपाने मिळते. म्हणून ‘८८’ची वाट पाहत बसू नका. ठेव पावतीची मूळ प्रत जपा, मुदत संपल्याची लेखी मागणी संस्थेला किंवा ती गुंडाळण्यासाठी नेमलेल्या अवसायकाला द्या आणि पोच घ्या. फसवणूक दिसत असेल तर ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणाचा १९९९ चा राज्याचा कायदा, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात, त्याखाली पोलिसांकडे तक्रार करता येते. एक गैरसमज फार नुकसान करतो. बँकेतल्या ठेवीला असलेले ५ लाखांपर्यंतचे विमासंरक्षण सहकारी बँकेला आहे, पतसंस्थेला नाही.

काकांबद्दल. संचालक होते एवढ्यावर सगळे नुकसान अंगावर येत नाही. कर्ज बुडले म्हणजे गैरकारभार झालाच असेही नाही. तारण पुरेसे होते, नियमांप्रमाणे मंजुरी झाली आणि नंतर कर्जदाराचा धंदा बसला, तर तो धंद्यातला तोटा आहे. तारण न घेता, मूल्यांकन फुगवून, नातलगांना किंवा मर्यादेबाहेर कर्ज दिले असेल तर मात्र गोष्ट वेगळी. काकांनी प्रत्येक कर्जाचा स्वतंत्र तक्ता करावा: सभेची तारीख, ते हजर होते का, ठराव कुणी मांडला, विरोध नोंदवला का, तारण काय, वसुलीसाठी पुढे काय केले. इतिवृत्ताच्या प्रमाणित प्रती मागवा, कारण ‘मी तेव्हाच विरोध केला होता’ या तोंडी बोलण्याला इतिवृत्ताशिवाय काही वजन नाही. आदेशात सगळ्या संचालकांवर कारण न देता सारखी रक्कम टाकलेली असते, हा दोष पुष्कळदा आढळतो आणि अपिलात तो मांडण्यासारखा असतो. कलम १५२ खाली अपिलाची मुदत आदेश कळल्यापासून दोन महिने आहे. ती चुकवू नका.

ग्रामपंचायत आणि पालिकेत याचाच भाऊ आहे. मुंबई स्थानिक निधी लेखापरीक्षा अधिनियम १९३० खालची ‘भार-अधिभार’ प्रकरणे. कायद्याविरुद्ध केलेला खर्च नामंजूर करून तो मंजूर करणाऱ्यावर टाकणे म्हणजे अधिभार आणि निष्काळजीपणाने झालेली तूट अंगावर टाकणे म्हणजे भार. ही पद्धत इंग्लंडच्या लेखापरीक्षणातून आली. तिथे लंडनच्या पॉपलर भागातल्या नगरसेवकांनी कामगारांना आठवड्याला ४ पौंड वेतन दिले म्हणून लेखापरीक्षकाने जादा रक्कम त्यांच्यावर टाकली आणि १९२५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ती कायम केली. इंग्लंडने २००० मध्ये ही तरतूद रद्द केली, आपल्याकडे ती चालू आहे. सरपंच आणि ग्रामसेवकांनी लेखापरीक्षणाच्या आक्षेपांना मुदतीत, पावत्यांसह उत्तर द्यावे. बहुतेक रकमा खर्च खोटा होता म्हणून नाही, तर प्रमाणक (व्हाउचर) सापडले नाही म्हणून अंगावर येतात.

प्रश्न (शिरपूर): माझे वर्कशॉप जिनिंग मिलना सुटे भाग पुरवते. पैसे चार-चार महिने येत नाहीत. बिलावर ‘उशीर झाल्यास २४ टक्के अधिभार’ छापले तर चालेल का?

उत्तर: बिलावर छापून भागत नाही, ती अट ऑर्डरमध्ये यायला हवी. मिलकडून सही घेतलेले कोटेशन किंवा ऑर्डरची प्रत ठेवा. तरीही करार अधिनियमाच्या कलम ७४ नुसार न्यायालय वाजवी भरपाईच देते, छापलेला आकडा ही त्याची कमाल मर्यादा ठरते.

तुमच्याकडे याहून चांगले हत्यार आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा एमएसएमईडी अधिनियम २००६ लागू होतो. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढीने. ऑर्डर घेण्याआधीची नोंदणी हवी आणि उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. नुसत्या खरेदी-विक्रीच्या दुकानाला हे संरक्षण मिळत नाही. शिवाय २०२३-२४ पासून, या मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच खर्च म्हणून वजा मिळते. मार्च जवळ आला की मिलच्या हिशेबनिसाला याची आठवण करून देणारे पत्र पाठवा, उपयोग होतो.

विलंबाचे पैसे मिळाले तर त्यावर मूळ मालाच्याच दराने जीएसटी आहे. तो नुसती मागणी केली म्हणून नाही, तर रक्कम हातात पडल्यावर भरायचा असतो.

प्रश्न (धुळे): दुकानदार कार्डावर २ टक्के जादा घेतात, आणि उन्हाळ्यात पाण्याच्या थंड बाटलीवर ‘कूलिंग’चे दोन रुपये. देणे लागते का?

उत्तर: डेबिट कार्डावर जादा घेता येत नाही. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१७ च्या परिपत्रकात व्यापाऱ्याचे बँक शुल्क ग्राहकावर टाकायला मनाई केली आहे. रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआयवर तर १ जानेवारी २०२० पासून ते शुल्कच नाही. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत दुकानदाराचा बँकेशी जो करार असतो त्यात सहसा अशी मनाई असते. पावतीवर ती ओळ लिहून मागा आणि कार्ड देणाऱ्या बँकेकडे तक्रार करा. पेट्रोल पंपावरचा १ टक्का इंधन अधिभार हा वेगळा प्रकार. तो कार्डाच्या अटींत असतो आणि अनेक बँका ठरावीक रकमेच्या व्यवहारांवर तो परत करतात, त्यावरचा जीएसटी मात्र बहुधा परत येत नाही.

थंड बाटलीचे दोन रुपये देऊ नका. दुकानात छापील किमतीपेक्षा जास्त घेणे आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांविरुद्ध आहे. वैधमापन विभागाकडे किंवा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार होते. हॉटेलात बसून घेतलेल्या बाटलीला हे लागू नाही. तिथे जागा आणि सेवाही मिळते म्हणून सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये जास्त किंमत घेऊ दिली आहे.

प्रश्न (भुसावळ): साध्या एक्स्प्रेसचे जनरल तिकीट घेऊन सुपरफास्टमध्ये बसलो तर?

उत्तर: तिकिटात सुपरफास्ट अधिभार धरलेला आहे का ते पाहा. दुसऱ्या वर्गाला १५ रुपये, स्लीपरला ३०, वातानुकूलित चेअरकार, थ्री आणि टू टियरला ४५, फर्स्ट एसीला ७५. तो अंतरावर अवलंबून नसतो, म्हणून भुसावळहून जळगावला जा किंवा मुंबईला, रक्कम तीच. नसेल तर गाडीत बसण्याआधी खिडकीवर फरकाचे तिकीट घ्या.

प्रश्न (नंदुरबार): खरेदीखतात मुद्रांक शुल्काशिवाय आणखी १ टक्का कशाचा?

उत्तर: ग्रामीण भागात तो जिल्हा परिषदेसाठी आहे, १९६१ च्या जिल्हा परिषद अधिनियमाच्या कलम १५८ खाली. हा टक्का मुद्रांक शुल्काच्या रकमेवर नसून मालमत्तेच्या मूल्यावर असतो. १० लाखांच्या मालमत्तेला तो १०,००० रुपये होतो. मेट्रोसाठीचा जादा टक्का मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत आहे, नंदुरबार, धुळे किंवा जळगावात कुणी तो हिशेबात धरला असेल तर काढायला सांगा.